शिफ्टप्रमाणे गोळी

दादा, काल तुझ्या दहाव्याला मी नामदेवमामाच्या थोबाडीत मारली. घाटावर, माईकसमोर, दीडदोनशे माणसांच्या देखत.

तुला माहीतच आहे, आपल्या इकडं दहाव्याचं प्रवचन संपलं की श्रद्धांजलीचा माईक फिरतो. ज्याला गल्लीत कुणी हिंग लावून विचारत नाही, तोही त्या दिवशी दोन शब्द बोलून घेतो. मामानं टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि सुरू झाला. "सुधाकर माझा सख्खा भाचा. लिव्हर खराब होऊन गेला. आता लिव्हर कशानं खराब होतंय, ते काय मी सांगायला पाहिजे का? जमलेल्या तरुण पोरांना माझं हात जोडून सांगणं हाय, बाबांनो, व्यसनापासून लांब राहा..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. बायकांच्या घोळक्यातून मी उठले कधी आणि पोचले कधी, माझं मला कळलं नाही. त्याचा चष्मा उडाला. माईक चालूच होता, त्यामुळं तो आवाज नदीच्या पलीकडं सांगवीपर्यंत गेला असेल. मी म्हटलं, "माझा भाऊ आयुष्यात थेंब प्यायला नाही. पुन्हा बोललास तर दुसऱ्या गालावर देईन." तू असतास तर आधी मला शिव्या घातल्या असत्यास आणि मग घरी येऊन पोट धरून हसला असतास.

खोकल्याचं औषधसुद्धा तू वास घेऊन प्यायचास. तुझ्या रक्तात 'ब' कावीळ होती. कंपनीतल्या रक्तदान शिबिरात तुला ते पहिल्यांदा कळलं, आणि कॉन्ट्रॅक्टवरून काढून टाकतील या भीतीनं तू तो कागद खिशात घालून सात वर्षं गप्प बसलास. बायकोला नाही सांगितलंस, मला नाही. ते भांडण आपलं अजून बाकी आहे. मेलास म्हणून मी ते सोडलेलं नाही.

काल सगळे माझ्या पाठीवर थाप देत होते. "बहीण असावी तर अशी. लिव्हर पण दिलं आणि भावाची अब्रू पण राखली." मला ते ऐकवत नव्हतं. परत येताना रिक्षात रेखावहिनी म्हणाली, "मामांना कशाला मारलंत वन्सं? दारूनं मेले काय आणि हट्टानं मेले काय, एकच. तुम्ही पोटातलं काढून दिलंत आणि ह्यांना साध्या गोळ्या वेळेवर घेता आल्या नाहीत."

तुझी बायको रडलेली नाही, दादा. दुसऱ्याच दिवशी तिनं तुझे कपडे बोचक्यात बांधून माळ्यावर टाकले. ऋतुजा बापासाठी रडायला लागली की तिला म्हणते, "तुझ्या बापाला आपल्यापेक्षा कंपनी प्यारी होती, कशाला रडतीस?" पंधरा वर्षांची पोर ते ऐकते आणि डोळे पुसते. आणि मामाला माईकवर मारणारी मी, कोपऱ्यात लसूण सोलत बसते. मी का गप्प बसते ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता एकट्या मला. ते वहिनीला सांगायचं की नाही, यावर अकरा दिवस मी माझं डोकं फोडून घेतलं.

तू आणि मी मारामारी करतच वाढलो. लातूरकडून आलो तेव्हा काळेवाडीतल्या एका खोलीत सात माणसं, त्यात पंख्याखालची जागा कुणाची यावरून रोज गुद्दे. तू माझी वेणी कापलीस, मी तुझ्या पायावर पाटा टाकला. त्या पायाचं नख पुन्हा नीट आलंच नाही. पण दुसऱ्या कुणी मला हात लावला की तू त्याला रक्त येईपर्यंत मारायचास. आपल्या घरात माया अशीच होती, कुणी कुणाला जवळ घेतलेलं मला आठवत नाही.

आजाराची ती दोन वर्षं मला आठवायची नसतात, पण थंडी पडली की माझं डावं मनगट आठवण करून देतं. डोळे हळदीसारखे. हातपायांच्या काटक्या आणि पोट घागरीएवढं. दर पंधरा दिवसांनी सुईनं पोटातलं पाणी काढायचं, ते भरायचं, पुन्हा काढायचं. खाज अशी की कपडे घासायच्या ब्रशनं तू पाठ घासायचास आणि बनियनला रक्त लागायचं. दिवसभर झोपायचास आणि रात्रभर टक्क जागा. त्यात मीठ बंद. "अळणी भाकर खाणारा माणूस निम्मा मेलेलाच असतोय," असं म्हणायचास.

मग ते डोक्यात चढलं. त्या दुपारी मी सेकंड शिफ्टला निघायच्या आधी तुला ते गोड पातळ औषध पाजायला आले होते. दिवसातून दोनतीनदा पोट साफ झालं पाहिजे, म्हणजे विष बाहेर पडतं, त्यासाठी ते औषध. सारखं संडासला पळून तू कंटाळलास आणि तीन दिवस ते मोरीत ओतत होतास, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तू माझ्याकडं बघितलंस आणि ओळखलंच नाहीस. "कोण गं तू? माझ्या घरात काय करायलीस?" मी म्हटलं, "दादा, मंदा मी." तू खलातला बत्ता उचललास. पहिला घाव मी हातावर घेतला. हाड मोडलेलं ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा कपाटाच्या आरशावर बसला. वहिनी मधे पडली तर तिला केस धरून दारापर्यंत फरफटत नेलंस. ज्याला उठून पाणी घेता येत नव्हतं, त्याला धरायला चाळीतले पाच बाप्ये लागले. ओढण्यांनी तुला खाटेला बांधलं आणि तू बांधलेल्या हातांनी खाट उचलून आपटत होतास.

शेजारीण म्हणाली, "बाहेरचं हाय, लिंबू उतरवा." दुसरी हळूच म्हणाली, "सकाळपासनंच घेतली असंल." हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "अमोनिया वाढलाय. लिव्हर काम करत नाही, त्यामुळं ते विष मेंदूपर्यंत गेलंय." अमोनिया मला गॅसगळतीच्या बातमीतला तेवढा माहीत होता. चौथ्या दिवशी तू शुद्धीवर आलास, माझं प्लास्टर बघितलंस आणि विचारलंस, "मशीनवर लागलं का गं?" मी हो म्हटलं. वहिनीनं नंतर खरं सांगितलं तेव्हा तू भिंतीवर कपाळ आपटून घेतलंस, टाके पडेपर्यंत.

लिव्हर बदलण्याशिवाय इलाज नाही म्हटल्यावर वहिनीचा रक्तगट जुळेना, माझा जुळला. आमचे हे म्हणाले, "आपल्याला दोन पोरं आहेत, मंदा." मी म्हटलं, "सही करा, नाहीतर माहेरी जाऊन राहते. आणि माझं माहेर दोन गल्ल्या सोडून आहे, रोज येऊन भांडेन." त्यांनी सही केली. तू मात्र ऐकेनास. "बहिणीचं पोट फाडून जगू का मी? राखी यासाठी बांधतीस व्हय?" मी खिचडीचं ताट भिंतीवर फेकलं. "माझा हात मोडलास ना? मग त्याची भरपाई म्हणून तरी जग!" ते वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते. पण त्यानंच तू तयार झालास.

ऑपरेशननंतर मला जाग आली तेव्हा कुणीतरी पोटात विळी विसरून गेल्यासारखं दुखत होतं. मी नर्सला विचारलं, "माझा भाऊ ओरडतोय का?" ती म्हणाली, "हो ना, पाण्यासाठी सगळा वॉर्ड डोक्यावर घेतलाय." मग मी निवांत झोपले.

पंधरा दिवसांत तुझे डोळे पांढरे झाले. खाज गेली. खाज गेल्यावर तू पहिल्यांदा सलग सहा तास झोपलास आणि वहिनी दर अर्ध्या तासानं तुझ्या नाकाखाली बोट धरून बघत होती. तुझ्या अंगानं माझ्या लिव्हरचा तुकडा परका समजून फेकू नये म्हणून सकाळी आठ, रात्री आठ अशा जन्मभराच्या गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी तुझं तोंड फुगलं, डोकं भडकायला लागलं. एकदा वरण पांचट झालं म्हणून कुकर जिन्यावरून खाली फेकलास आणि मग स्वतःच खाली जाऊन, त्याला पोचा आलाय का बघत, धुऊन घेऊन आलास. उकळलेलं पाणी, तोंडाला मास्क, कच्चं काही नाही, गर्दीत जायचं नाही. गणपतीला दारात येणारी माणसंसुद्धा तू खिडकीतून बघितलीस. पण पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी मोकळं सोडलं आणि तू घोरावडेश्वरच्या डोंगराच्या पायऱ्या न थांबता चढलास. मी मागं धापा टाकत. वर जाऊन ओरडलास, "बघ मंदे, तुझं इंजिन कसं पळायलंय!" लोक वळून बघत होते. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं मोठं केलेलं नाही, दादा. हे मी तुला कधी बोलले नाही.

मग कंपनीनं परत घेतलं. चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये पंधरा वर्षं डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बसवणारा माणूस तू. आवाजावरून सांगायचास कुठली प्रेस मिलिमीटरनं सरकलीय. तुला बसवलं जनरल शिफ्टला, खोक्यांवर स्टिकर लावायला. एका पोरानं तुझ्या हातातलं खोकं काढून घेतलं. "राहू द्या भाऊ, तुमचं पार्सल नाजूक आहे." तू त्याला त्याच खोक्यानं हाणलंस. तीन दिवस घरी बसवलं तुला.

त्या तीन दिवसांतलं आपलं भांडण अख्ख्या चाळीनं ऐकलं. मी म्हटलं, "जीव वाचलाय ना? स्टिकर लावून गप जग की." तू म्हणालास, "मंदे, तू मला लिव्हर दिलीस का जामिनावर सोडलीस? आठला हजेरी, रात्री आठला हजेरी, इथं जायचं नाही, ते उचलायचं नाही. आजारी होतो तवा निदान आजारी तरी होतो. आता मी कोण हाय?" मी तुला कृतघ्न म्हटलं, तू मला सावकारीण म्हणालास. मी दार आपटून गेले. खरं सांगू? तुझा प्रश्न मला त्या वेळी कळलाच नव्हता. मला फक्त तू हवा होतास, श्वास घेत असलेला, बाकी कसाही.

शेवटी तू भांडून प्रेसवर परत गेलास, तिन्ही शिफ्टना. "डॉक्टरांना विचारलंस?" "विचारलं." खोटं बोललास, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. पण पहिल्या दिवशी घरी आलास तेव्हा अंगाला तेलाचा वास होता आणि तू शिट्टी वाजवत होतास. दोन वर्षांत ती शिट्टी ऐकली नव्हती. मी गप्प बसले.

आता जे सांगायचं ते इथंच आहे. त्या रविवारी तू माझ्याकडं आलास. "मंदे, गोळी सकाळ-संध्याकाळ आठला. फर्स्टला आठ वाजता मी प्रेसवर, मोबाईल लॉकरमधी. थर्डला आठ वाजता नुसता येऊन पडलेला असतो. कसं करावं?" आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात सगळंच शिफ्टवर चालतं, दादा. जेवण शिफ्टवर, झोप शिफ्टवर, पोरांचे वाढदिवस शिफ्ट बघून. चतुर्थीचा उपवास आपण चंद्र बघून कुठं सोडतो, कार्ड पंच झालं की सोडतो. गोळीनंच काय घोडं मारलंय, असं मलाही वाटलं. वायरींचे जुडगे बांधायच्या कंपनीत मी लाईन लीडर. वीस बायकांचे तक्ते रोज आखते. मी पट्टी घेतली. फर्स्टला पहाटे पाच, संध्याकाळी पाच. सेकंडला दुपारी दीड, मध्यरात्री दीड. थर्डला सकाळी नऊ, रात्री नऊ. प्रत्येक ओळीत बरोब्बर बारा तासांचं अंतर. लाल पेनानं चौकट केली. तू म्हणालास, "शाबास, इंजिनीअर व्हायला पाहिजे होतीस." कपाटाच्या दाराला आतून तू तो कागद चिकटवलास, वहिनीला तो कंपनीच्या शिफ्टचा तक्ता वाटला, आणि तू त्याप्रमाणे चालत राहिलास.

शिफ्ट बदलायच्या दिवसाचं गणित मी केलंच नाही. फर्स्टची शेवटची गोळी रविवारी संध्याकाळी पाचला, आणि सेकंडची पहिली सोमवारी दुपारी दीडला. साडेवीस तास. दर तीन आठवड्यांनी, वर्षभर, माझं लिव्हर तुझ्या अंगात साडेवीस तास उघड्यावर पडत होतं. तुझ्या रक्तातलं औषध कधी वर, कधी खाली येत राहिलं. डॉक्टर फोनवर विचारायचे, "गोळ्या वेळेवर?" तू म्हणायचास, "एकदम वेळेवर." तुझ्या परीनं ते खरंच होतं.

डोळे पुन्हा पिवळे झाले आणि तू ॲडमिट झालास. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तू तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवलास. ते कॉटच्या कडेला बसले. "हे असं शिफ्टप्रमाणे घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला?" वहिनी तिथं होती, मी तिथं होते. तू माझ्याकडं बघितलंस. अगदी एवढंसं. मग म्हणालास, "कुणी नाही साहेब. माझंच डोकं." वहिनी त्यातून एवढंच समजली, की तू मनाला येईल तेव्हा गोळ्या घेतल्यास, नाहीतर चुकवल्यास.

आणि मी काय केलं? मी तुझ्यावर धावून गेले. हातातल्या पाण्याच्या स्टीलच्या बाटलीनं तुझ्या खांद्यावर मारलं, एकदा, दोनदा. "मूर्खा! यासाठी दिलं होतं का तुला? दे माझं परत! आत्ता काढून दे!" नर्सनं मला कमरेला धरून बाहेर काढलं. मी जिन्यात बसून थरथरत होते आणि लोकांना वाटत होतं, बहिणीचं काळीज तुटतंय. मी भीतीनं थरथरत होते. तिथून तडक तुझ्या घरी गेले, कपाट उघडलं, तो कागद ओरबाडून काढला. नखात रंगाचे पोपडे गेले. त्याचे इतके बारीक तुकडे केले की बोटाच्या पेराएवढाही एक उरला नाही, आणि संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतलं.

पुढं नऊ दिवस तू काढलेस. सहाव्या दिवशी मी एकटीच होते, आणि तू डोळे उघडलेस. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तूच बोललास, तुटक तुटक. "मारलीस ते बरं केलीस. रेखाला खरं वाटलं." मी म्हटलं, "दादा, गप." तू म्हणालास, "मी गेल्यावर तिला तूच हायस. तुमचं दोघींचं तुटलं तर पोरीचं हाल. मला शिव्या घालू दे तिला. मला काय ऐकू येतंय?" एवढं बोलून तू हसायला बघितलंस आणि खोकल्यानं तुला ते जमलं नाही. मी तुझा हातसुद्धा धरला नाही. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, दादा. ही गोष्ट मी कुणालाच सांगू शकणार नाही, म्हणून तुला सांगते. माझा भाऊ मरत होता आणि मी सुटले म्हणून मला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, फक्त त्यामुळंच झालं असं ठाम म्हणता येत नाही, जंतुसंसर्ग पण होता, अशा पेशंटचं काही सांगता येत नाही. मी ते वाक्य अकरा दिवस चघळलं. त्यानं पोट भरत नाही.

तू मला गप्प राहायला सांगून गेलास. तुझ्या शब्दाबाहेर जायची मला लहानपणापासून सवय आहे. आज सकाळी ऋतुजा शाळेत गेल्यावर मी तुझ्या घरी गेले. वहिनी ओट्यापाशी कणीक मळत होती. मी उभ्या उभ्याच बोलले. तक्ता मी केला. अक्षर माझं होतं, पट्टी माझी, लाल पेन माझा. दादाला तुमच्यापेक्षा कंपनी प्यारी नव्हती. दवाखान्यात मी त्याला मारलं ते तुम्हाला कळू नये म्हणून मारलं. कागद मी फाडला.

तिनं परात ढकलली. कणकेच्या हातांनी माझे केस धरले आणि मला ओट्यावर आपटलं. माझी भुवई फुटली. मग पाठीत, खांद्यावर, जिथं लागेल तिथं मारत राहिली. मी हात वर केला नाही. मारता मारता तिचा गुद्दा माझ्या पोटावरच्या टाक्यांच्या जागेवर बसला, मी कळवळले, आणि ती थांबली. दम लागला होता तिला. 

मग म्हणाली, "म्हणजे ते घेत होते? रोज?"

मी म्हटलं, "रोज, वहिनी. मी लिहून दिलेल्या टायमाला. एक पण गोळी चुकवली नाही त्यानं."

"मध्यरात्री दीडला उठून बसायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, झोप येत नाही."

आणि तुझी बायको फरशीवर बसून रडायला लागली, दादा. तोंडात पदर कोंबून, मग पदर काढून, चाळीला ऐकू जाईल अशी, तुझं नाव घेऊन. माझ्या भुवईचं रक्त डोळ्यात ओघळत होतं, ते मी पुसलं नाही. तिनं मला जायला सांगितलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले.